लघवीचा संसर्ग: अँटिबायोटिकऐवजी वनस्पतींचे अर्क चालतील का?

लघवी करताना जळजळ होते, दर दहा मिनिटांनी जावेसे वाटते आणि गेल्यावर मात्र चार थेंबच येतात. आपल्याकडे याला 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि घरात लगेच सल्ले सुरू होतात. धण्याचे पाणी पी, शहाळे आण, सब्जा भिजत घाल. अलीकडे त्यात क्रॅनबेरीच्या गोळ्या, पाण्यात विरघळवायच्या पुड्या आणि 'शंभर टक्के हर्बल' सिरप यांचीही भर पडली आहे. ओपीडीत अनेक जणी पहिलाच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, अँटिबायोटिक न घेता हे बरं होणार नाही का?"

प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर असे: काही वनस्पतींचे अर्क संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून थोडीफार मदत करतात. झालेला संसर्ग बरा करण्यासाठी अँटिबायोटिकची जागा घेईल असा अर्क मात्र आज आपल्याकडे नाही. 'टाळणे' आणि 'बरे करणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिराती त्यांची सरमिसळ करतात आणि त्या गोंधळात काही रुग्णांचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

संसर्ग नेमका होतो कसा?

लघवीच्या बहुतेक संसर्गांना इ. कोलाय हा जंतू कारणीभूत असतो. तो आपल्याच आतड्यात राहतो आणि तिथे सहसा त्रास देत नाही. गुदद्वाराजवळून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि तिथून वर मूत्राशयात चढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर. म्हणूनच हा त्रास स्त्रियांना कितीतरी जास्त होतो. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतोच. त्यात अस्वच्छतेचा किंवा लाजण्याचा काही प्रश्न नाही.

मूत्राशयात शिरलेला जंतू लघवीबरोबर वाहून जायला हवा. पण इ. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या टोकांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट चिकटतो आणि तिथे वाढतो. ही चिकटण्याची क्रिया लक्षात ठेवा, कारण क्रॅनबेरीचा सगळा दावा तिच्यावरच उभा आहे.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर जळजळ, वारंवार लघवी आणि ओटीपोटात दुखणे अशी लक्षणे दिसतात. तोच वर मूत्रपिंडात म्हणजे किडनीत गेला, तर थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे आणि उलट्या सुरू होतात. पहिला प्रकार त्रासदायक आहे, दुसरा धोकादायक.

अँटिबायोटिक नको वाटण्यामागे खरे कारण आहे

अँटिबायोटिकने काहींना जुलाब होतात, काहींना योनीमार्गात बुरशीची लागण होते, काहींना पुरळ उठते. पण त्याहून मोठी अडचण आहे ती प्रतिरोधाची, म्हणजे जंतू औषधाला दाद न देण्याची. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. आपल्या देशात आयसीएमआरच्या देखरेख अहवालांतून दिसते की रुग्णालयांत सापडणाऱ्या इ. कोलायपैकी बहुसंख्य जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या एकेकाळच्या हमखास गोळ्या आता चालत नाहीत. नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन ही औषधे मात्र अजून बऱ्यापैकी काम करतात.

मागच्या वेळची उरलेली चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणणे, हे या प्रतिरोधाचे एक मोठे कारण आहे. औषधाच्या पट्टीवरची लाल रेघ पाहिली असेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये असा तिचा अर्थ आहे. २०१६ पासून सरकार त्याबद्दल जागृती करत आहे.

म्हणजे 'अँटिबायोटिक कमी घ्यावे' हे म्हणणे बरोबरच आहे. फक्त ते कमी करायचे ते कुठे आणि कसे, हे ठरवावे लागते.

प्रयोगशाळेतली बशी आणि तुमचे मूत्राशय

लसूण, कडुनिंब, दालचिनी, लवंग अशा कितीतरी वनस्पतींच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत इ. कोलाय मरतो. या बातम्या खोट्या नसतात. पण बशीत अर्क थेट जंतूवर ओतलेला असतो. तुम्ही काढा प्यायल्यावर त्यातला उपयुक्त घटक आधी आतड्यातून रक्तात यायला हवा, यकृताने त्याचे तुकडे करू नयेत, मग तो मूत्रपिंडातून गाळला जाऊन लघवीत पुरेशा प्रमाणात उतरायला हवा. बहुतेक वनस्पती-घटक या प्रवासात कुठेतरी गळतात. शिवाय बशीत जंतू मारायला अर्काची जी तीव्रता लागते, ती बऱ्याचदा अँटिबायोटिकच्या कित्येक पट असते.

उलट नायट्रोफ्युरँटोइनचे पाहा. गोळी घेतल्यावर रक्तात त्याचे प्रमाण फार वाढत नाही, पण लघवीत ते भरपूर साठते. मूत्राशयाच्या संसर्गात ते उपयोगी पडते ते यामुळेच. म्हणून 'जंतू मरतो' असे वाचले की स्वतःला एक प्रश्न विचारा: बशीत मरतो की माणसाच्या लघवीत? त्याचे उत्तर फक्त रुग्णांवर केलेल्या नीट चाचण्याच देऊ शकतात. अशा चाचण्या काय सांगतात ते आता बघू.

क्रॅनबेरी: टाळण्यासाठी थोडी मदत, उपचार म्हणून नाही

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतले लाल, आंबट फळ. आपले करवंद किंवा करमळ म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. या फळातले प्रोअँथोसायनिडिन नावाचे घटक जंतूला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत असे मानले जाते. ते जंतूला मारत नाहीत, त्याची पकड सैल करतात.

कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये क्रॅनबेरीवरच्या ५० चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत मिळून ८,८०० हून अधिक लोक होते. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये क्रॅनबेरीने पुढच्या संसर्गाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला. मुलांमध्ये तो निम्म्याहून थोडा जास्त कमी झाला. गर्भवती स्त्रिया, वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणारे वयस्कर लोक आणि मूत्राशय पूर्ण रिकामे न होणारे रुग्ण यांना मात्र फायदा दिसला नाही.

२६ टक्के म्हणजे किती? समजा, वारंवार त्रास होणाऱ्या १०० जणींपैकी ४० जणींना वर्षभरात पुन्हा संसर्ग होणार होता. क्रॅनबेरी घेतल्यास तो आकडा साधारण ३० वर येईल. म्हणजे १० जणींचा त्रास वाचेल, पण ३० जणींना घेऊनही होईलच. हा फायदा खरा आहे, तरी मर्यादित आहे.

आणि हे सगळे प्रतिबंधाबद्दल. जळजळ सुरू झाल्यावर क्रॅनबेरीने संसर्ग बरा होतो, याचा भरवशाचा पुरावा नाही. चिकटून बसून वाढलेल्या जंतूंना फक्त नवी पकड घेऊ न देऊन ते निघून जात नाहीत.

घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी पाहा. बाजारातल्या 'क्रॅनबेरी ड्रिंक'च्या खोक्यात बऱ्याचदा फळाचा रस थोडा आणि साखर जास्त असते. मधुमेह असेल तर ते टाळा. गोळी घेत असाल तर वेष्टनावर प्रोअँथोसायनिडिनचे प्रमाण दिले आहे का ते बघा. अभ्यासांत साधारणपणे दिवसाला ३६ मिलिग्रॅम वापरले गेले आहे. नुसते '५०० मिलिग्रॅम क्रॅनबेरी' लिहिले असेल तर त्यावरून काही कळत नाही.

डी-मॅनोज: आशा मोठी, निकाल साधा

डी-मॅनोज ही एक प्रकारची साखर आहे. जंतूचे तंतू मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोजलाच चिकटतात. मग लघवीत मॅनोज सोडले तर जंतू त्यालाच पकडून बाहेर पडेल, अशी ही कल्पना. ऐकायला पटते, म्हणून क्रॅनबेरीच्या अनेक पुड्यांत ते घातलेले असते.

ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर याची चाचणी झाली आणि तिचा निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींनी ६ महिने रोज २ ग्रॅम डी-मॅनोज घेतले, बाकीच्यांनी तशीच दिसणारी निष्क्रिय पूड. पुन्हा त्रास होऊन डॉक्टरकडे जावे लागलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५१ टक्के होते, दुसऱ्या गटात ५६ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. त्यामुळे या महागड्या पुड्यांवर रोज पैसे घालवण्याचे सबळ कारण सध्या तरी नाही.

अर्क विरुद्ध अँटिबायोटिक: जर्मनीतल्या चाचण्या

'अँटिबायोटिकऐवजी वनस्पती' हा प्रश्न सर्वांत सरळ विचारला तो युरोपात, विशेषतः जर्मनीत. तिथे बेअरबेरी या झुडपाच्या पानांचा अर्क लघवीच्या त्रासावर पूर्वापार वापरतात. त्यातल्या अर्ब्युटिन या घटकापासून शरीरात हायड्रोक्विनोन तयार होते आणि ते जंतूंना मारक असते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधा संसर्ग असलेल्या ३९८ स्त्रिया होत्या. काहींना बेअरबेरीचा अर्क दिला, काहींना फॉस्फोमायसिन हे अँटिबायोटिक. अर्क घेणाऱ्या गटात अँटिबायोटिकचे कोर्स सुमारे ६४ टक्क्यांनी कमी लागले. म्हणजे बऱ्याच जणी अँटिबायोटिकशिवाय निभावल्या. पण त्या गटात जळजळ आणि वेदना जास्त राहिल्या, आणि मूत्रपिंडाचा संसर्ग ८ जणींना झाला. अँटिबायोटिकच्या गटात तो फक्त २ जणींना झाला. ब्रिटनमधल्या ३८२ स्त्रियांच्या दुसऱ्या एका चाचणीत तर बेअरबेरीचा निष्क्रिय गोळीपेक्षा काहीच जास्त उपयोग दिसला नाही.

दुसरी चाचणी २०१८ ची. सेंटॉरी, लव्हेज आणि रोझमेरी या तीन वनस्पतींचे मिश्रण ६५९ स्त्रियांमध्ये फॉस्फोमायसिनशी ताडून पाहिले. मिश्रण घेणाऱ्यांपैकी ८३.५ टक्के जणींना नंतर अँटिबायोटिक लागले नाही, फॉस्फोमायसिन घेणाऱ्यांपैकी ८९.८ टक्के जणींना पुन्हा लागले नाही. आकडे जवळजवळचे आहेत. मात्र या चाचणीचा खर्च मिश्रण बनवणाऱ्या कंपनीने केला होता आणि तिच्यात निष्क्रिय गोळीचा गट नव्हता. हा गट महत्त्वाचा असतो, कारण मूत्राशयाचा साधा संसर्ग साधारण पाव ते निम्म्या स्त्रियांत काही न करताही आठवडाभरात ओसरतो. त्यामुळे बरे झालेल्यांपैकी कितींना वनस्पतीने बरे केले आणि किती आपोआप बऱ्या झाल्या, हे या चाचणीतून कळत नाही.

या सगळ्याचा अर्थ असा की अँटिबायोटिकशिवाय बऱ्याच स्त्रिया बऱ्या होतात. पण ज्या होत नाहीत त्यांच्यापैकी काहींना किडनीचा गंभीर आजार होतो, आणि तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

गोखरू, पुनर्नवा, धण्याचे पाणी यांचे काय?

गोखरू म्हणजे आपले सराटे, पुनर्नवा म्हणजे घेटुळी आणि वरुण म्हणजे वायवर्णा. लघवीच्या तक्रारींवर या वनस्पती आयुर्वेदात फार पूर्वीपासून वापरल्या जातात. चरकसंहितेत लघवी साफ होण्यास मदत करणाऱ्या वनस्पतींच्या गणात गोखरू आहे. ही परंपरा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण जंतुसंसर्गात या औषधांची अँटिबायोटिकशी किंवा निष्क्रिय गोळीशी तुलना करणाऱ्या मोठ्या, काटेकोर चाचण्या उपलब्ध नाहीत. त्यामुळे 'यांनी संसर्ग बरा होतो' असे खात्रीने सांगण्याइतका आधार नाही.

"पण मला काढ्याने बरं वाटलं," असे तुम्ही म्हणाल. तुमचा अनुभव खरा आहे. त्यामागे तीन गोष्टी असू शकतात.

• एप्रिल-मे महिन्यात घाम जास्त जातो, पाणी कमी पडते आणि लघवी दाट होते. तेवढ्यानेही जळजळते. तिथे संसर्ग नसतोच. धण्याचे पाणी, शहाळे, जवाचे पाणी, ताक यांनी पोटात पाणी जाते आणि त्रास थांबतो.
• खरा संसर्ग असला तरी वर सांगितल्याप्रमाणे काहींचा तो आपोआप ओसरतो.
• लघवी वाढली की जंतू धुऊन निघायला मदत होते, मग ती काढ्याने वाढो की साध्या पाण्याने.

धण्याचे पाणी प्यायला हरकत नाही. 'मी धण्याचे पाणी घेत आहे, म्हणून आता तापाकडे लक्ष नको,' असे मात्र होऊ देऊ नका.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लघवीच्या गुलाबी-केशरी सिरपबद्दलही हेच. ही बहुधा सायट्रेटची सिरपे असतात. त्यांनी लघवीची आम्लता कमी होऊन जळजळ थोडी शमू शकते, पण जंतू मरत नाही. उलट नायट्रोफ्युरँटोइन आम्ल लघवीत जास्त चांगले काम करते. त्यामुळे डॉक्टरांना न विचारता दोन्ही एकत्र घेऊ नका.

थोडे थांबून बघता येते का? हो, पण अटींवर

काही देशांत साध्या संसर्गात डॉक्टर अँटिबायोटिकची चिठ्ठी देतात आणि सांगतात, ४८ तासांत आराम पडला नाही किंवा त्रास वाढला तरच औषध सुरू करा. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत हा पर्याय दिलेला आहे. तुमच्या डॉक्टरांशी बोलून तुम्हीही तो विचारात घेऊ शकता, जर:

• तुम्ही गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्री असाल आणि एरवी निरोगी असाल,
• त्रास सौम्य असेल, ताप आणि पाठदुखी नसेल,
• मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा, कॅथेटर यांपैकी काही नसेल,
• लघवीचा नमुना आधीच तपासणीला दिलेला असेल,
• आणि त्रास वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोहोचणे शक्य असेल.

शेवटची अट विसरू नका. गावाहून दवाखाना तीन तासांवर असेल, तर शहरातल्या बाईला जमेल तशी वाट बघणे तुम्हाला परवडणार नाही. थांबण्याच्या काळात दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पुरते. आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. जर्मनीतल्याच २०१५ च्या एका चाचणीत आयब्युप्रोफेनवर सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या, पण त्याही गटात मूत्रपिंडाचा संसर्ग जास्त दिसला: ५ जणींना, तर अँटिबायोटिक गटात एकीला.

यांनी थांबायचेच नाही

• गर्भवती स्त्रिया. गरोदरपणात लक्षणे नसताना लघवीत जंतू सापडले तरी उपचार करावे लागतात, कारण तो संसर्ग मूत्रपिंडात चढण्याची शक्यता वाढलेली असते.
• लहान मुले. विशेषतः दुसरे कारण न दिसणारा ताप आलेले तान्हे बाळ. मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात.
• पुरुष. पुरुषांमध्ये प्रोस्टेट, खडा किंवा अडथळा यांची शक्यता पाहावी लागते.
• मधुमेही, किडनीचे रुग्ण, किडनी बदललेले, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले.
• कॅथेटर असलेले आणि मुतखडा असलेले.

आणि कोणालाही पुढीलपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा: थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या होऊन औषध पोटात न टिकणे, लघवीतून रक्त, लघवी अडणे, खूप गळून जाणे. घरातले वयस्कर माणूस अचानक बरळू लागले आणि सोबत ताप असेल, तर रात्र असली तरी थांबू नका.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर क्रॅनबेरी टाळा. ऑक्झलेटचा मुतखडा होऊन गेला असेल तर क्रॅनबेरीच्या तीव्र गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. बेअरबेरीचा अर्क युरोपातही एका आठवड्याहून जास्त घेऊ नये असे सांगतात, आणि गर्भवतींनी तो घेऊच नये. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर शहाळ्याच्या पाण्यातले पोटॅशियमही धोक्याचे ठरते.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे: पुडीत नेमके काय आहे हे माहीत नसणे. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, तिचा निकाल २००८ मध्ये आला. सुमारे २१ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. याचा अर्थ सगळी आयुर्वेदिक औषधे दूषित असतात असा नाही. पण लेबल नसलेली पुडी, घटक न सांगणारा 'खात्रीचा इलाज' आणि महिनोन्महिने चालणारे भस्म यांपासून दूर राहा. आयुर्वेदिक औषध घ्यायचे असेल तर पदवीधर वैद्यांकडून घ्या, आणि तुमच्या डॉक्टरांपासून ते लपवू नका. आम्ही रागावू या भीतीने रुग्ण सांगत नाहीत आणि मग रक्तातले बदल कशामुळे झाले हे शोधण्यात वेळ जातो.

पुन्हा पुन्हा होत असेल तर खरे काय उपयोगी पडते?

६ महिन्यांत २ किंवा वर्षात ३ वेळा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. अँटिबायोटिक सर्वांत जास्त वाचवता येते ते इथे.

पाणी. वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झालेल्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेयपदार्थ पिणाऱ्या १४० स्त्रियांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. कुठल्याही बाटलीबंद अर्कापेक्षा हा परिणाम चांगला आहे आणि त्याला खर्च नाही.

अर्थात, 'पाणी प्या' म्हणणे सोपे आहे. एसटीने प्रवास करणारी शिक्षिका, बंदोबस्तावरची महिला पोलीस, बाजारात बसणारी भाजीवाली किंवा फडावरची ऊसतोड कामगार मुद्दाम पाणी पीत नाही, कारण जायला स्वच्छ जागाच नसते. मुंबईत 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली ती यासाठीच. तुमची अडचण अशी असेल तर निदान सकाळी निघण्याआधी आणि घरी आल्यावर पाण्याचे प्रमाण वाढवा, आणि संधी मिळेल तेव्हा लघवी तुंबवून ठेवू नका. घरच्यांनो, ही सवय बाईच्या हौसेची नाही, नाइलाजाची आहे हे ओळखा.

पाळी गेल्यानंतर. या वयात योनीमार्ग कोरडा पडतो, तिथले उपयुक्त जंतू कमी होतात आणि इ. कोलायला जागा मिळते. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा चांगला उपयोग होतो. १९९३ च्या एका चाचणीत क्रीम लावणाऱ्या स्त्रियांत संसर्गाचे प्रमाण वर्षाला ०.५ होते, न लावणाऱ्यांत ५.९. संकोचामुळे अनेक जणी हे विचारतच नाहीत. जरूर विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोला.

शरीरसंबंधानंतर लगेच लघवीला जाणे, शौचानंतर पुढून मागे धुणे आणि बद्धकोष्ठता टाळणे या सवयी निरुपद्रवी आहेत, त्या लावून घ्या. योनीमार्ग आतून साबणाने धुऊ नका.

मिथेनामाइन हिप्युरेट हे जंतुनाशक औषध अँटिबायोटिक नाही, आणि ब्रिटनमधल्या २०२२ च्या चाचणीत प्रतिबंधासाठी ते रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचे ठरले. तुमच्यासाठी ते योग्य आहे का, हे डॉक्टर ठरवतील.

आणि एकदा कारण शोधा. साखर तपासा, सोनोग्राफीत खडा किंवा उरलेली लघवी दिसते का ते पाहा. लघवीत पू-पेशी आहेत पण कल्चरमध्ये जंतू वाढत नाही, असे वारंवार होत असेल तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. अशा वेळी काढा किंवा अँटिबायोटिक, दोन्हींचा उपयोग होणार नाही. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी जननेंद्रियावर बुरशी येऊन आग होते. तीही अनेकदा लघवीचा संसर्ग समजली जाते.

डॉक्टरांकडे जाताना

कल्चरसाठी लघवी द्यायची असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी प्रयोगशाळेच्या निर्जंतुक डबीत घ्या आणि दोन तासांत पोहोचवा. औषध लिहून दिले तर किती दिवस ते विचारा. साध्या संसर्गात नायट्रोफ्युरँटोइन सहसा ५ दिवस पुरते आणि फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच मात्रा. म्हणजे अँटिबायोटिक घ्यावे लागले तरी ते लांबलचक आणि जहाल असलेच पाहिजे असे नाही. आणि लक्षणे नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून औषधाचा आग्रह धरू नका. गर्भवती आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण सोडले तर त्याची बहुधा गरज नसते.

तुम्ही विचारता ते प्रश्न

क्रॅनबेरी आणि अँटिबायोटिक एकत्र घेतले तर? बहुतेकांना चालते, पण त्याने संसर्ग लवकर बरा होतो असे दिसलेले नाही.

दोन दिवसांत बरे वाटले, गोळ्या थांबवू का? डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका आणि शेजारणीला देऊ नका.

किती दिवस क्रॅनबेरी घेऊन बघावी? वारंवार त्रास होत असेल तर ६ महिने घेऊन, आधीच्या ६ महिन्यांशी तुलना करा. फरक नसेल तर बंद करा.

शेवटी एवढे लक्षात ठेवा: संसर्ग नसताना तो येऊ नये म्हणून पाणी, योग्य त्या स्त्रियांना इस्ट्रोजेन क्रीम आणि हवी तर क्रॅनबेरी. संसर्ग झाल्यावर आधी तपासणी, आणि गरज असेल तर योग्य अँटिबायोटिक, योग्य तितके दिवस. ताप आणि पाठदुखी आली की कुठल्याही काढ्याची वाट बघू नका.